मोल्टन बीजी५०००: आशिया कपचा चेंडू सरावाला घ्यावा का?

बास्केटबॉलच्या १६ किंवा १८ वर्षांखालील आशिया कपला गेलेल्या संघाच्या हातात तिथे मोल्टनचा १२ पॅनेलचा, म्हणजे बाहेरून १२ तुकडे जोडलेला, चेंडू पडतो. हिरोशिमाची ही कंपनी १९८२ पासून फिबाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाला, चेंडू पुरवते आहे. आजचा वरचा मॉडेल बीजी५०००, तो २०१९ च्या चीनमधल्या विश्वचषकात पहिल्यांदा मोठ्या मंचावर आला. वर्षभराची तयारी मात्र अनेक संघ हाताशी असेल त्या चेंडूवर करतात. कुठे रबरी, कुठे ८ पॅनेलचा, कुठे सिमेंटवर घासून टक्कल पडलेला. परिणाम पहिल्या दोन सामन्यांत दिसतो. साधे पास हातातून निसटतात, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येतात आणि कोच पोरांवर ओरडत बसतात.

या स्पर्धेत चेंडूशी ओळख करून घ्यायला उसंत नसते. आशिया कपचे पहिले ४ संघ पुढच्या विश्वचषकाला जातात, १६ खालचे १७ वर्षांखालील विश्वचषकाला आणि १८ खालचे १९ वर्षांखालील. म्हणजे उपांत्यपूर्व फेरीचा एक सामना जिंकला की विश्वचषकाचं तिकीट हातात, हरला की पुढचे दिवस ५ व्या ते ८ व्या क्रमांकासाठी खेळायचं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आशियाच्या गटात आल्यापासून त्या ४ जागांसाठीची रेटारेटी आणखी वाढली आहे. अशा ४० मिनिटांत चेंडू परका वाटणं परवडत नाही. म्हणून इथे बीजी५००० कडे दुकानातल्या शोभेच्या वस्तूसारखं न बघता तयारीचं साधन म्हणून बघितलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. सामन्याचा चेंडू म्हणून याच्यात नाव ठेवायला फार जागा नाही. रोजच्या सरावाचा चेंडू म्हणून मात्र ही चुकीची खरेदी आहे. १२ खेळाडूंच्या संघाला २ किंवा ३ बीजी५००० पुरतात आणि बाकीचे बीजी४५००, म्हणजे त्याच कंपनीचे सिंथेटिक चामड्याचे, असावेत. असं का, ते पुढे येईलच.

आधी चेंडू जवळून बघू. सर्वांत आत ब्युटाइल रबराचं ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, त्यावर नायलॉनच्या धाग्याचं घट्ट वेटोळं, त्यावर रबराचा थर आणि सगळ्यात वर अस्सल चामड्याची १२ पॅनेल चिकटवलेली. बास्केटबॉल शिवलेला असतो असं अनेकांना वाटतं, पण इथे शिलाई नाही, सगळं चिकटकाम आहे. पॅनेल सुटण्याचा रोग त्यामुळेच होतो, त्याबद्दल नंतर. आकार ठरतो तो धाग्याच्या वेटोळ्यामुळे. ते एकसारखं असेल तर चेंडू हवेत डगमगत नाही. बोटावर किंवा जमिनीवर फिरवून बघा. चांगला बीजी५००० फिरताना कडा थरथरत नाही. स्वस्त चेंडू फिरवला की डाव्या-उजव्या बाजूला हेलकावा दिसतो.

१२ पॅनेलची रचना इटलीच्या जुजारो डिझाइनची. ती २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला आली. त्याआधी सगळीकडे ८ पॅनेल होती. जास्त पॅनेल म्हणजे जास्त खाचा, आणि चेंडू कसाही हातात आला तरी बोटांच्या टोकांना कुठली तरी खाच लवकर सापडते. कॅच घेऊन लगेच शॉट मारणाऱ्याला हा मोठा फायदा आहे, कारण चेंडू हातात फिरवून खाच शोधण्यात जाणारा क्षण वाचतो. दुसरा फायदा रंगांचा. गडद नारिंगी-तपकिरी आणि फिकट हस्तिदंती पट्टे असल्यामुळे चेंडूची फिरकी उघड दिसते. शॉट सरळ उलटा फिरतोय की तिरका, हे कोचला बाजूला उभं राहून कळतं. पट्टे हवेत गरगर डुलत जात असतील तर आधार देणारा हात शेवटच्या क्षणी ढकलतोय असं समजा. एकरंगी चेंडूवर हे इतकं स्पष्ट दिसत नाही.

बीजी५००० चं खरं वेगळेपण दाण्यांत आणि खाचांत आहे. चेंडूवरचे दाणे टोकदार नाहीत, वरून सपाट केलेले आहेत. त्यामुळे बोटाचं जास्त कातडं चेंडूला टेकतं. खाचाही खोल नाहीत, पृष्ठभागाशी जवळजवळ समपातळीत येतात. अनुभवी हाताला हे आवडतं. ज्या मुलाने आजवर खोल खाचेत बोट रुतवूनच शॉट मारला आहे, त्याला मात्र पहिले काही दिवस चेंडू ‘सापडत’ नाही. तो नकळत बोटं जास्त दाबतो, मनगट आखडतं आणि शॉट आखूड पडतो. उपाय सोपा आहे. रिंगपासून २ मीटरवर उभं राहून एका हाताने शॉट, नंतर दोन्ही हातांनी, मग एकेक पाऊल मागे. ६.७५ मीटरच्या, म्हणजे तीन पॉइंटच्या, रेषेवरून थेट सुरुवात करायची नाही. अंतर वाढवण्याची घाई केली तर मुलं हाताची सवय बदलण्याऐवजी पायातून जास्त जोर काढायला शिकतात आणि ती खोड पुढे जाता जात नाही.

एक बारीक गोष्ट, जी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. नव्या चेंडूवर जिथे नाव आणि चिन्हं छापलेली असतात, तो भाग बाकी चामड्यापेक्षा गुळगुळीत लागतो. शाईचा थर दाण्यांवर बसलेला असतो. फ्री थ्रो मारणारे काही खेळाडू चेंडू फिरवून व्हॉल्व्ह किंवा नाव एका ठरावीक जागी आणतात. बोटांची टोकं नेमकी छपाईवर येणार असतील तर जागा बदलून घ्यायला सांगा. चेंडू जुना झाला की फरक कमी होतो.

आता नव्या चेंडूची तालीम. डब्यातून काढलेला बीजी५००० थेट सामन्यात घेऊ नये. नवं चामडं कडक आणि निसरडं असतं. फिबाच्या जुन्या नियमपुस्तकात यजमान संघाने किमान २ ‘वापरलेले’ चेंडू द्यावेत अशी ओळच होती, ती उगीच नव्हती. चामड्याला हाताचा किंचित ओलावा आणि घर्षण मिळालं की दाणे बोटाला धरू लागतात. याला वेळ लागतो आणि त्याला आडवाट नाही. तेल चोळणं, पाण्यात बुडवणं, बुटाचं क्रीम लावणं, घासपेपर मारणं हे सगळं ऐकायला मिळतं आणि सगळं चुकीचं आहे. तेलाने चामडं मऊ होतं पण चेंडू जड आणि चिकट होतो, वर धूळ धरून ठेवतो. पाण्याने चामडं फुगून पॅनेलच्या कडा उचलतात. घासपेपरने सपाट दाण्यांची वरची बाजूच जाते, म्हणजे ज्यासाठी एवढा महाग चेंडू घेतला तेच आपण खरवडून टाकतो.

सरळ रीत अशी. लाकडी, झाडून पुसलेलं कोर्ट घ्या. हात धुऊन कोरडे करा, क्रीम किंवा सनस्क्रीन नको. पहिली काही सत्रं फक्त पास आणि जागच्या जागी ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत राहणं), प्रत्येकी २० ते ३० मिनिटं, आणि चेंडू हातोहात फिरवत ठेवायचा म्हणजे सगळ्या पॅनेलवर सारखा हात बसेल. त्यानंतर शूटिंग. पाच विरुद्ध पाच अगदी शेवटी, कारण त्यात चेंडू घामाघूम होतो. ८-१० सत्रांनंतर चामड्याचा रंग किंचित गडद होतो आणि तळहाताने दाबून बाजूला सरकवला तर घसरण्याऐवजी अडखळतो. तेव्हा तो सामन्याला तयार. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नवाकोरा चेंडू आणला तर हे बसत नाही. किमान ५-६ आठवडे हाताशी हवेत.

हवेचा विषय लांबवतो, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं. बास्केटबॉलला सहसा ७ ते ९ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा लागते. व्हॉल्व्हजवळ छापलेला आकडा वाचा आणि त्यातच राहा. पण पीएसआय हा फक्त अंदाज आहे, खरी कसोटी टप्प्याची. चेंडूचा तळ १.८ मीटरवर येईल असा धरून नुसता सोडायचा, ढकलायचा नाही. पहिल्या टप्प्यानंतर चेंडूचा वरचा भाग १.२ ते १.४ मीटरच्या मध्ये यायला हवा. नियमात वर्षानुवर्षं असलेली ही कसोटी करायला भिंतीवर तीन चिकटपट्ट्या आणि मोबाइलचा स्लो मोशन पुरतो. मोबाइल १.३ मीटरच्या आसपास, आडवा आणि स्थिर ठेवा. वरून किंवा खालून धरला तर आकडा फसवा येतो. तीनदा सोडा आणि मधला आकडा धरा. लाकडी कोर्टवर काही जागा ‘मेलेल्या’ असतात, तिथे टप्पा बसतो, म्हणून जागा बदलूनही एकदा बघा. स्पर्धेच्या कोर्टची ओळख करून घेण्याच्या सत्रात गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या, मुलांनी अशा जागा आधीच हेरून ठेवाव्यात, पण तो वेगळा विषय.

आपल्या संघाचे सगळे चेंडू सारखे हवेत, हे टप्पा बरोबर असण्याइतकंच महत्त्वाचं. एक १.२२ वर आणि दुसरा १.३८ वर उडत असेल तर दोन्ही वरच्या मर्यादेत बसतात, पण गार्डचा हात प्रत्येक वेळी नव्याने जुळवून घेतो. १.३० च्या आसपास सगळे आणून ठेवा. रबरी चेंडूवर वाढलेल्या मुलांना बीजी५००० सुरुवातीला ‘मेल्यासारखा’ वाटतो, कारण बाहेरच्या वापराचे रबरी चेंडू बहुधा जास्त फुगवलेले असतात आणि टणाटण उडतात. तक्रार ऐकून हवा वाढवू नका. जास्त हवेचा चेंडू रिंगला लागून लांब उडतो, बोर्डवरून अंदाजापेक्षा जोरात येतो, पकडताना बोटं मुरगळतात आणि पॅनेलच्या कडांवर ताण येतो. कमी हवेचा चेंडू सुरक्षित वाटतो पण ड्रिबलला जास्त जोर लागतो, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये मनगटं त्याची किंमत मोजतात.

प्रवासात हवा बदलते, आणि आशिया कप म्हणजे प्रवास आलाच. २०२२ ची १८ वर्षांखालील स्पर्धा तेहरानला झाली. ते शहर समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवर आहे. किनाऱ्यावरच्या गावात ८ पीएसआय भरलेला चेंडू तिथे गेल्यावर गेजवर (दाबमापकावर) १० च्या आसपास दाखवेल, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो. हवा एक कणही वाढलेली नसते, तरी टप्पा वाढतो. उलटंही होतं. ३५ अंशांच्या उकाड्यात ८ पीएसआय भरलेला चेंडू २० अंशांच्या एसी हॉलमध्ये तासभर राहिला की ७ च्या आत येतो. विमानात तर दाब आणखी कमी असतो, ८ चा आकडा ११ च्या पुढे जाऊ शकतो. त्यामुळे विमानाआधी निम्मी हवा काढायची, पोचल्यावर चेंडू हॉलच्या तापमानाला तासभर ठेवायचे, मगच भरायचे आणि टप्पा मोजायचा. पंप, गेज आणि किमान ४ सुया सामानात हव्यात. सुया हरवतात आणि वाकतात.

सुई घालण्यात सर्वांत जास्त चेंडू मरतात. कोरडी सुई जोराने खुपसली की व्हॉल्व्हच्या आतलं रबर चिरतं, मग रोज सकाळी चेंडू अर्धा पीएसआय कमी. सुईला ग्लिसरीनचा थेंब लावा, तो नसेल तर पाण्याने ओली करा. चेंडू मांडीवर घट्ट धरून सुई सरळ आत सरकवा, फिरवत किंवा तिरकी नको. पंप सुरू असताना चेंडू हलला की सुई आत वाकते, म्हणून दोघांनी मिळून हवा भरलेली बरी. हवा जातेय असा संशय आला तर व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह गेला. बुडबुडे नाहीत आणि तरी हवा उतरते, तर दोष ब्लॅडरमध्ये आहे. तो चेंडू आता फक्त बॉल-हँडलिंगच्या कवायतींना. गेज लावताना दर वेळी थोडी हवा सुटते हेही लक्षात असू द्या, दिवसातून चारदा तपासून कोणी हवा टिकवत नाही.

घाम ही बीजी५००० ची खरी दुखरी बाजू. चामडं ओलावा पितं. दमट हॉलमध्ये दुसऱ्या हाफमध्ये चेंडू किंचित जड आणि निसरडा होतो. मोठ्या सामन्यात चेंडू पुसायला माणसं असतात, पंचही चेंडू थांबला की टॉवेल मागतात. सरावात हे कोणी करत नाही. चेंडू ओला झाला की तसाच पिशवीत जातो, पिशवीची चेन बंद होते आणि दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो. दोन-तीनदा असं झालं की चामडं कडक पडून दाणे चकाकायला लागतात, तिथून चेंडू परत येत नाही. सत्र संपलं की कोरड्या सुती फडक्याने पुसायचा, उघड्या जागी सावलीत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसरा चेंडू वापरायचा. २ किंवा ३ हवेत ते याचसाठी, एक वाळत असताना दुसरा कामात. उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायर लावू नका, गोंद सैल होतो.

हस्तिदंती पट्ट्यांचं काय करायचं हा प्रश्न नेहमी येतो. काही करायचं नाही. ते मळतात, महिन्याभरात चहाच्या डागासारखे होतात आणि दिसायला वाईट दिसतात. कंपनीने हा रंग टीव्हीसाठी निवडला असणार, सरावाच्या हॉलसाठी नव्हे. स्वच्छ करण्याच्या नादात स्पिरिट किंवा भांड्याचा साबण लावणारे लोक चेंडूचा घास घेतात. ओलसर पिळलेलं फडकं आणि लगेच कोरडं फडकं, एवढंच.

मुलींच्या संघांसाठी ६ नंबर. परिघ ७१५ ते ७३० मिमी आणि वजन ५१० ते ५५० ग्रॅम. मुलांच्या ७ नंबरचा परिघ ७५० ते ७७० मिमी आणि वजन ५८० ते ६२० ग्रॅम. १६ वर्षांखालील मुलगेसुद्धा ७ नंबरनेच खेळतात, त्यांना वयाची सवलत नाही. म्हणून ज्या मुलांनी १३-१४ पर्यंत ६ नंबर वापरला त्यांना स्पर्धेच्या वर्षात नव्हे, त्याच्या आधीच्या वर्षात ७ वर आणायला हवं. ७० ग्रॅम आणि ४ सेंटीमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण एका हाताच्या पासची लांबी आणि तीन पॉइंटच्या शॉटची कमान दोन्ही बदलतात. मुलींच्या सरावात मुलांचे चेंडू मिसळू नका. घाईत ढिगातून उचलताना हीच चूक होते. व्हॉल्व्हवर रंगीत ठिपका मारून ठेवला की प्रश्न मिटतो. ३x३ चा, म्हणजे तिघातिघांच्या खेळाचा, चेंडू तर तिसराच प्रकार, आकार ६ चा आणि वजन ७ चं. तो ५x५ च्या सरावात आणलात तर हाताची सगळी मापं बिघडतील.

विकत घेताना नकली मालापासून जपा. बीजी५००० ची नक्कल सर्रास होते आणि फोटोत ओळखू येत नाही. चेंडू हातात आल्यावर लगेच चार गोष्टी तपासा. वजनकाट्यावर ७ नंबर ५८० ते ६२० ग्रॅमच्या बाहेर असेल तर परत. शिवणकामाच्या टेपने तीन वेगवेगळ्या दिशांनी परिघ मोजा, पूर्ण हवा भरलेल्या चेंडूचा. तिन्ही आकडे ७५ ते ७७ सेंटीमीटरमध्ये आणि एकमेकांपासून ५ मिलिमीटरच्या आत हवेत. पॅनेल जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत खाच सरळ जुळते का बघा. नकली चेंडूत तिथे गोंद बाहेर आलेला असतो किंवा खाच रुंद होत जाते, नियमाने ती ६.३५ मिमीपेक्षा रुंद असू नये. शेवटी वास. चामड्याला चामड्याचा वास येतो, प्लास्टिकचा उग्र भपका आला तर ते काहीतरी वेगळंच आहे. मॉडेल नंबरही नीट वाचा. बी७जी५००० म्हणजे ७ नंबर, बी६जी५००० म्हणजे ६ नंबर. विक्रेते ‘मोल्टन १२ पॅनेल’ एवढंच लिहून बीजी३८०० किंवा रबरी बीजी२००० पुढे करतात. दिसायला सगळे भाऊच, हातात घेतल्यावर ओळखू येतात.

आता बीजी४५००. हा सिंथेटिक चामड्याचा, पॅनेल आणि आकार तोच. डब्यातून काढल्या दिवसापासून हाताला धरतो, तालमीची गरज जवळजवळ नाही. घाम पीत नाही, त्यामुळे दोन तासांच्या सरावात वजन बदलत नाही, मात्र घाम पृष्ठभागावर राहतो म्हणून पुसत राहावं लागतं. याचा शत्रू धूळ. धुळकट कोर्टवर दोन दिवसांत पकड जाते. ओलसर फडक्याने पुसली की परत येते, वर्षभराने मात्र वरचा थर गुळगुळीत होतो आणि मग पुसूनही उपयोग नाही. बीजी५००० बरोबर उलट चालतो, सुरुवातीला वाईट आणि नंतर चांगला. दोघांचा टप्पा हवा जुळवून घेतली की इतका जवळ येतो की डोळे मिटून ड्रिबल करणाऱ्याला फरक सांगणं कठीण. फरक कळतो शॉट सोडताना, बोटाच्या शेवटच्या पेरावर. म्हणून पास, ड्रिबल, डिफेन्सच्या कवायती आणि धावपळीचे खेळ बीजी४५०० वर, आणि शूटिंग, फ्री थ्रो व आठवड्यातला सामना बीजी५००० वर, अशी वाटणी सर्वांत हिशेबी.

बीजी४००० हाही सिंथेटिक, एक पायरी खाली. दाण्यांची धार लवकर जाते, पण शाळेच्या संघाला पुरतो. बीजी३८०० आत-बाहेर दोन्हीकडे चालतो असं सांगितलं जातं आणि चालतोही, पण सिमेंटवर कोणताही सिंथेटिक चेंडू फार दिवस टिकत नाही. बाहेर खेळायचं असेल तर रबरी बीजी२००० घ्या आणि त्यावरून स्पर्धेच्या शॉटचा अंदाज बांधू नका. बीजी५००० सिमेंटवर नेणं म्हणजे पैसे जाळणं. एका संध्याकाळी दाण्यांच्या माथ्यावर पांढुरके ओरखडे येतात, चामड्याचा वरचा थर गेला की खालचा भाग कापसासारखा पाणी शोषतो.

मोडतोड नेमकी कुठून सुरू होते तेही सांगतो. सर्वांत आधी पॅनेलची टोकं उचलतात, जिथे तीन खाचा एकत्र येतात. नखाने उचलून बघण्याचा मोह होतो, तो आवरा. अगदी थोडं उचललेलं असेल तर लवचिक रबरी गोंदाचा बारीक थेंब, वरून कापडी पट्टी आणि रात्रभर हलका दाब. कडक होणारा झटपट गोंद वापरलात तर तिथे दगडासारखी गाठ तयार होते आणि टप्पा वाकडा पडतो. दुसरा आजार अंडाकार होण्याचा. पिशवीत दहा चेंडू कोंबून वर बॅगा रचल्या, किंवा मुलं विश्रांतीत चेंडूवर बसली की धाग्याचं वेटोळं सरकतं. परिघाच्या तीन मापांत ६ मिमीपेक्षा जास्त फरक आला की तो चेंडू शूटिंगमधून बाद. तो फेकू नका, मेडिसिन बॉलआधीच्या वॉर्मअपला चालतो. जाळीच्या पिशवीपेक्षा लाकडी किंवा नळीचा रॅक बरा, चेंडूवर चेंडूचं ओझं येत नाही.

सामन्याचा चेंडू कोणता हे मुख्य पंच ठरवतात, आणि त्यांचा शब्द अंतिम असतो. ते दोन्ही तळहातांनी दाबून, एकदा टप्पा टाकून ठरवतात, गेज क्वचितच निघतं. वॉर्मअपमध्ये चेंडू जास्त फुगलेला वाटला तर कर्णधाराने किंवा कोचने सामना सुरू व्हायच्या आधी शांतपणे सांगावं. पहिल्या टाइमआउटला तक्रार करून काही होत नाही, तोवर दोन्ही संघ त्याच चेंडूने खेळलेले असतात.

निघण्याच्या आदल्या आठवड्याची आखणी अशी ठेवा. रोज बीजी४५०० वर नेहमीचा सराव, शेवटची ३० मिनिटं फक्त बीजी५०००. त्यात प्रत्येक खेळाडूने थकलेल्या अवस्थेत १० फ्री थ्रो, मधे कोर्टची एक फेरी, परत १०. दोनदा चेंडू मुद्दाम ओलसर टॉवेलने पुसून घ्या आणि तसाच वापरा, म्हणजे चौथ्या क्वार्टरचा निसरडेपणा हाताला आधीच माहीत होतो. शेवटच्या सरावानंतर चेंडू पुसून वाळवा, निम्मी हवा काढा, प्रत्येक चेंडू वेगळ्या सुती पिशवीत घाला आणि सुया हातातल्या बॅगेत नको, सामानात टाका, नाहीतर विमानतळावर पंपाच्या सुईवरून वाद घालत उभं राहायची वेळ येते.